बरखास्तीवर सही कोणाची?

मार्च २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारी (सीईओ) प्रशासक झाले. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातला एकही दवाखाना बंद नव्हता. प्राथमिक आरोग्य केंद्रांत केसपेपर निघत होते, नर्सबाई लसीचा डबा खांद्याला लावून वाडीवर निघाल्या होत्या, आशाताईंच्या वह्या भरत होत्या. थांबलं ते एवढंच, की निवडून आलेल्या सदस्यांची जी आरोग्य समिती बसायची ती बसेनाशी झाली. ५५ सदस्य घरी गेले आणि विषय समित्या त्यांच्याबरोबर संपल्या. मोर्चा निघाला नाही, निवेदन गेलं नाही. गावोगाव विचारलं तर समिती होती हेच पुष्कळांना ठाऊक नव्हतं.

याउलट, अमेरिकेत काही ठिकाणी शेजारशेजारची स्थानिक सरकारं मिळून एक आरोग्य खातं चालवतात आणि पटेनासं झालं की ठराव करून वेगळी होतात. वॉशिंग्टन राज्यातल्या पीअर्स काउंटीत डिसेंबर २०२० मध्ये, ऐन करोनात, टॅकोमा शहराबरोबरचं संयुक्त आरोग्य खातं मोडायचा प्रस्ताव आला. लोक चिडले, डॉक्टर चिडले, गव्हर्नर मध्ये पडले आणि प्रस्ताव बारगळला. तिथे मोडायचं तर निदान भर सभेत हात वर करावा लागतो. आपल्याकडे स्थानिक संस्था आरोग्य खातं बरखास्त करत नाही. तिचीच मुदत संपते, किंवा तिच्या हातातलं एकेक काम वर उचललं जातं, आणि मग जबाबदार कोण हे कुठल्याच कागदावर सापडत नाही. मला हे दुसरं मोडणं जास्त घातक वाटतं.

पुढचा संवाद मी रचलेला आहे, परिषदेत सदस्य नव्हते त्या दिवसांतला. त्यातल्या ताई आरोग्य समितीवर बसलेल्या माजी जिल्हा परिषद सदस्य, आणि डॉक्टर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये (पीएचसी) नोकरी करून निवृत्त झालेले वैद्यकीय अधिकारी. दोघंही कोणा एका माणसावरून घेतलेले नाहीत, पण त्यांच्या तोंडचं म्हणणं या जिल्ह्यात सतत कानावर येतं. माझा कल ताईंकडे आहे. तरी डॉक्टरांना हरवायला मी उभं केलेलं नाही. त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांना अजून नीट उत्तर मिळालेलं नाही.

डॉक्टर : ताई, राग मानू नका, पण समिती गेली तेव्हा आमच्यातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटलं.

ताई : राग कशाला? का वाटलं ते सांगा.

डॉक्टर : बदल्या. दुसरं काय? सदस्याचा फोन यायचा, अमुक नर्सबाईला आमच्या गटातून हलवा. कारण विचारलं तर ती उद्धट आहे. उद्धट म्हणजे काय, तर पुढाऱ्याच्या पुतण्याला तपासल्याशिवाय फिटनेस सर्टिफिकेट दिलं नाही. एकदा लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या नव्या खोलीचं उद्घाटन ठेवलं. बाया पोरं घेऊन सकाळपासून बसलेल्या. गोवर-रुबेलाची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. पाहुणे येईतो कुपी फोडायची नाही, असा निरोप. पाहुणे उन्हं चढल्यावर आले. तोवर लांबच्या वाडीतल्या तिघी-चौघी उठून गेल्या, भाताची लावणी होती. त्या मुलांना गाठायला नर्सबाईला पुन्हा ती चढण चढावी लागली.

ताई : हे झालं असेल. मी नाकारत नाही. आमच्यातले काही जण समितीवर कशासाठी येतात हे मला आत बसून दिसलं आहे. पण तुम्ही सांगताय ती माणसांची खोड आहे. माणूस पाच वर्षांनी बदलता येतो. आता ज्या खुर्चीवर कोणीच नाही, ती कशी बदलायची?

डॉक्टर : खुर्चीवर सीईओ आहेत. शिकलेला अधिकारी. फाइल वाचतो. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी, डीएचओंनी, मांडलेला विषय त्याला एका दमात कळतो.

ताई : आणि दोन-तीन वर्षांत त्याची बदली होते. डॉक्टर, माझ्या गटात एक साकव होता. ओढ्याच्या अलीकडे उपकेंद्र, पलीकडे तीन वाड्या. पावसात साकव वाहून गेला. पलीकडच्या गरोदर बाईला रस्त्याने आणायचं तर अख्खा वळसा. मी हा विषय आरोग्य समितीत मांडला. डीएचओ म्हणाले, साकव आमचा विषय नाही, बांधकामचा. खरंच होतं त्यांचं. पण त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर बांधकामचे साहेब बसत होते. सर्वसाधारण सभेत उठून दोघांना एकदम विचारता आलं. इतिवृत्तात विषय चढला. पुढच्या बैठकीला अनुपालन आलं, 'प्रस्तावित'. त्याच्या पुढच्या बैठकीला पुन्हा 'प्रस्तावित'. मी प्रत्येक वेळी तेवढंच विचारायची, प्रस्तावित म्हणजे कुठल्या टेबलावर? शेवटी सेसमधून, म्हणजे परिषदेच्या स्वतःच्या निधीतून, डागडुजी झाली. लोखंडी नळ्या आणि वर फळ्या, फार काही नाही. पण नर्सबाई पलीकडे जायला लागल्या.

या साकवापाशी मी जरा थांबतो, कारण जिल्हा परिषदेकडे आरोग्य का असावं याचं सगळ्यात भक्कम उत्तर मला इथे दिसतं. कोकणातलं गाव म्हणजे एका ठिकाणी गोळा झालेली घरं नव्हेत. डोंगराच्या कुशीत, वहाळाच्या काठी, खाडीच्या तोंडाशी विखुरलेल्या वाड्या म्हणजे गाव. इथे आरोग्य म्हणजे साकव, पाखाडी, विहीर, अंगणवाडी आणि शाळेतलं स्वच्छतागृह. ही सगळी खाती जिल्ह्याच्या पातळीवर एका छपराखाली फक्त जिल्हा परिषदेत आहेत. मुंबईतल्या कुठल्याही एका विभागाच्या अखत्यारीत ती एकत्र येत नाहीत.

लोकसंख्येचं मोजमापही इथे फसवं. डोंगरी भागात ३,००० माणसांमागे एक उपकेंद्र आणि २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा देशाचा निकष आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ वर आली. माणसं मुंबईला गेली. मागे राहिले म्हातारे, बायका आणि लहान मुलं. हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे गणित त्यातूनच आलं. डोकी मोजून पाहिलं तर नवं उपकेंद्र कधीच बसत नाही. चालायचं अंतर मोजलं तर बसतं. अंतर कोण मोजणार, हा खरा प्रश्न आहे.

डॉक्टर : तुमची साकवाची गोष्ट मला पटते. पण जिल्हा परिषदेकडे आरोग्य खरोखर होतं कुठे? १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, त्याआधीच्या लोकल बोर्डाचे दवाखाने तुमच्याकडे आले. डॉक्टर मात्र राज्याचा राहिला. माझी नेमणूक मंत्रालयातून, बदली मंत्रालयातून, पदोन्नती तिथूनच. नर्सबाई आणि आरोग्यसेवक तुमचे. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, तेव्हापासून कंत्राटी माणसं तिसऱ्याच दारातून आली. एका पीएचसीत तीन धन्यांची माणसं एका हजेरीपटावर सह्या करत होती.

ताई : लोकल बोर्डाचं नाव काढलंत ते बरं झालं. ती खरी बरखास्ती होती. वसंतराव नाईकांच्या समितीने सुचवलं, १९६१ मध्ये विधिमंडळात कायदा झाला. बोर्ड संपलं म्हणजे त्याच्या इमारती, त्याची माणसं, त्याची देणी-घेणी कोणाकडे जाणार, हे कायद्याच्या कलमांत लिहिलं होतं. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा झाला नव्हता, मंडणगडपासून पार दोडामार्गापर्यंत एकच रत्नागिरी जिल्हा. एवढा मोठा कारभार एका दिवशी हातातून हातात गेला, आणि घेणारा कोण हे लोकांना माहीत होतं. आता आमच्याकडून काम जातं तेव्हा घेणारा दिसतच नाही.

डॉक्टर : प्रशासकाची नेमणूक कायद्यानेच झाली ना?

ताई : झाली. पण घटनेत काय आहे? पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्याहून एक दिवस जास्त नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. मध्येच बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात गेला, प्रभागरचना बदलत राहिली, तारखा पडत राहिल्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तोवर आमच्या परिषदेला तीन वर्षं झाली होती सदस्यांवाचून. बरखास्त केलेल्या परिषदेला घटना सहा महिने देते. जी बरखास्तच केली नाही, तिला तीन वर्षं! आरक्षणाचा प्रश्न महत्त्वाचा नव्हता असं मी म्हणत नाही. तो सुटायलाच हवा होता. पण तो सुटेपर्यंत आरोग्य समितीचं काम कोणी करायचं, यावर एका ओळीचाही विचार झाला नाही.

डॉक्टर : आणि त्या तीन वर्षांत साथ आटोक्याबाहेर गेली का? नाही गेली. लसीकरण कोसळलं का? नाही. मग तुमच्या नसण्याने नेमकं बिघडलं काय, हे दाखवा.

इथे डॉक्टरांनी नेमकं बोट ठेवलं आहे. निवडून आलेल्या समितीमुळे किती ताप वाचले, किती बाळंतपणं सुखरूप झाली, याचा आकडा देता येत नाही. देण्याचा आव आणणाऱ्यांवर मी विश्वास ठेवत नाही. ताईही आकडा देत नाहीत. त्या पाण्याच्या कार्डाकडे वळतात.

ताई : लाल कार्ड, पिवळं कार्ड, हिरवं कार्ड आठवतं?

डॉक्टर : आठवतं म्हणजे काय? वर्षातून दोनदा तेच काम. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर आरोग्यसेवक प्रत्येक पाणीस्रोत बघून येणार. विहिरीला कठडा आहे का, भोवती सांडपाणी साचतं का, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आहे का, ती कोरड्या जागी ठेवली आहे का. क्लोरीन तपासायला ओटीचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का बघायचं. धोका जास्त तर ग्रामपंचायतीला लाल कार्ड. पाच वर्षं सलग हिरवं मिळालं तर चंदेरी.

ताई : कार्ड देणारे तुम्ही, घेणारी ग्रामपंचायत. पुढे?

डॉक्टर : पुढे ग्रामपंचायतीने सुधारणा करायची.

ताई : पैसे नसले तर? टीसीएल आणली पण दमट खोलीत पडून तिच्यातला क्लोरीन उडून गेला तर? कार्ड ग्रामपंचायतीच्या कपाटात जातं. तुमचा आरोग्यसेवक सरपंचाला हुकूम देऊ शकत नाही. ग्रामसेवक गटविकास अधिकाऱ्यांचं ऐकतो, तुमचं नाही. आमच्या समितीत मात्र लाल कार्डाची यादी गटवार वाचली जायची. स्वतःच्या गटातलं गाव लाल निघालं की सदस्य आधी खवळायचा, मग गावात जाऊन बसायचा. लाज हेच आमचं हत्यार होतं, डॉक्टर. कायद्याने दिलेल्या अधिकारापेक्षा ते जास्त चालायचं. प्रशासकाला गावाची लाज का वाटावी? त्यांना त्या गावात मत मागायचं नाही.

डॉक्टर : (थोडं थांबून) यादी वाचली जायची हे खरं. आम्हाला ती तयार करताना घाम फुटायचा, कारण प्रश्न विचारले जातील हे माहीत असायचं. आता यादी ऑनलाइन भरतो. भरली की हिरवी खूण येते. कोणी उलट विचारत नाही.

हे बोलताना डॉक्टर काही कबूल करत नव्हते. कामाची आठवण सांगत होते. पण मला यातच सगळं आलं असं वाटतं: माहिती वर जायची थांबलेली नव्हती, उलट पूर्वीपेक्षा वेगाने जात होती. खाली उत्तर येणं थांबलं होतं.

डॉक्टर : आता माझं ऐका. पावसाळा सुरू झाला की शेतात विषारी फुरसं. रत्नागिरी जिल्ह्याला ते नवीन नाही. माणूस पायाला फडकं बांधून येतो. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिलीलिटर रक्त घ्यायचं, नळी हलवायची नाही, वीस मिनिटं ठेवायची. मग हळूच वाकडी करून बघायची. रक्त गोठलं नसेल तर विष भिनलंय, ताबडतोब प्रतिविष लावायचं. त्या वीस मिनिटांत मी सदस्याला फोन करत नाही. मला कपाटात कुप्या लागतात. त्या कुप्या कोणत्या जिल्ह्यात किती लागतील याचा अंदाज, त्यांची निविदा, त्यांची शीतसाखळी हे सगळं राज्याच्याच पातळीवर होऊ शकतं. तुमच्या सेसमधून नाही. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन देऊन जे काम केलं, ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, जगभर गेलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते एका डॉक्टरच्या चिकाटीचं काम होतं, समितीच्या ठरावाचं नव्हे.

ताई : बावस्करांना माझा दंडवत. पण त्यांना ते सुचलं ते बिरवाडीत बसून, मंत्रालयात बसून नव्हे, हेही धरा. आणि कुप्यांचं म्हणता, तर २०१७ मध्ये राज्याची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे दिली. औषध वेळेवर येत नाही अशी ओरड राज्यभर झाली. मग २०२३ मध्ये कायदा करून वेगळं खरेदी प्राधिकरण आणलं. एकत्र खरेदी स्वस्त पडते, मान्य. पण कपाट रिकामं आहे हे पहिलं कोणाला दिसतं? ज्याच्या शेजाऱ्याला फुरसं चावलंय त्याला. त्याने सांगायचं कोणाला?

डॉक्टर : टोल फ्री नंबर आहे.

ताई : नंबरावर तक्रार नोंदते. नंबराला प्रश्न विचारता येत नाही.

मग गोष्ट सिव्हिलवर आली. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, १०० जागांचं, आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडलं गेलं. म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाचं सिव्हिल वैद्यकीय शिक्षण विभागाकडे गेलं. जिल्ह्याला हे महाविद्यालय हवंच होतं. लांजा-राजापूरच्या रुग्णाने प्रत्येक मोठ्या दुखण्याला घाट चढून कोल्हापूर गाठायचं किंवा रात्रीच्या गाडीने मुंबई, हे किती वर्षं चालायचं? पण या बदलाची दुसरी बाजू रत्नागिरीत फारशी बोलली गेली नाही.

ताई : आज एखादी बाळंतीण पीएचसीतून निघाली तर पहिला दवाखाना जिल्हा परिषदेचा. तिथून ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा, म्हणजे दापोली, कळंबणी किंवा कामथे. ते सिव्हिल सर्जनच्या ताब्यात, आरोग्य विभागाचं. तिथून पुढे सिव्हिल; ते आता वैद्यकीय शिक्षणाचं. एक बाई, एक रात्र, तीन खाती. प्रत्येक दारात चिठ्ठी नवी.

डॉक्टर : चिठ्ठी नवी, पण दारात आता भूलतज्ज्ञ सापडण्याची शक्यता जास्त. ताई, माझ्या नोकरीत मी रात्री बाई पाठवली आहे आणि पुढून फोन आला आहे की भूल द्यायला कोणी नाही, पुढे पाठवतो. त्या फोनानंतर झोप लागत नाही. विद्यार्थी आले, प्राध्यापक आले, रात्री माणूस मिळतो. यासाठी खातं बदललं तर बदलू द्या. रुग्णाला खात्याचं नाव वाचायचं नसतं.

ताई : नसतं. पण ती बाई घरी परत आल्यावर तिची चिठ्ठी तुमच्या नर्सबाईपर्यंत परत येते का? टाके कधी काढायचे, रक्तदाब कधी बघायचा?

डॉक्टर : (हसून) ती तर एका खात्यात होतो तेव्हाही येत नव्हती.

ताई : तेव्हा समितीत विचारता यायचं. आता तीन खात्यांना एकत्र बसवून विचारणारी जागा जिल्ह्यात एकच, जिल्हाधिकाऱ्यांचं दालन. तिथे सामान्य माणसाला खुर्ची नाही.

मला डॉक्टरांचं भूलतज्ज्ञाचं म्हणणं ताईंच्या चिठ्ठीपेक्षा वजनदार वाटतं. जीव वाचवणं आधी. पण चिठ्ठी परत न येणं ही जुनी खोड आहे आणि तीन खाती झाल्यावर ती कोणाचीच चूक राहत नाही, हे ताईंचं भय मला खरं वाटतं.

डॉक्टर : खात्यांची ही ओढाताण आपल्याकडेच नाही. इंग्लंडचं सांगतो. लिव्हरपूलने १८४७ मध्ये डॉ. डंकन यांना शहराचा आरोग्य अधिकारी नेमलं. देशातले ते पहिले. पुढे गावोगावच्या नगरसभांना असे अधिकारी आले. दरवर्षी ते आपल्या गावाचा आरोग्य अहवाल छापायचे. किती मुलं गेली, कुठल्या गल्लीत घटसर्प आला, कुठलं गटार तुंबलं. १ एप्रिल १९७४ ला हे पदच बंद केलं आणि सार्वजनिक आरोग्य राष्ट्रीय आरोग्य सेवेत ओतलं. कारण हेच, एका रुग्णाला तीन धनी नकोत.

ताई : मग? तिथेच आहे?

डॉक्टर : नाही. एप्रिल २०१३ मध्ये पुन्हा स्थानिक संस्थांकडे दिलं.

ताई : का?

डॉक्टर : कारण रुग्णालय चालवणाऱ्यांचं लक्ष रुग्णालयावर राहतं. घर, शाळा, रस्ता, तंबाखू यांच्याकडे बघायला नगरसभाच लागते, असं त्यांचं मत पडलं. पैसे मात्र कमी दिले, हीही ओरड तिथे आहे.

ताई : ३९ वर्षं लागली त्यांना. केरळने १९९६ च्या जनयोजनेत प्राथमिक आरोग्य केंद्रं ग्रामपंचायतींकडे दिली, तालुक्याची रुग्णालयं त्यांच्या वरच्या पंचायतीकडे, जिल्हा रुग्णालय जिल्हा पंचायतीकडे. तिथलेही डॉक्टर पहिल्यांदा कुरकुरले. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत २३ वा विषय काय आहे? आरोग्य आणि स्वच्छता, त्यात रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि दवाखाने. छापलेलं आहे. आपण ते छापील ठेवलं.

डॉक्टर : केरळात साक्षरता होती, चळवळ होती. आपल्या सदस्याला ओटी टेस्ट म्हणजे काय हे समितीवर येईपर्यंत माहीत नसतं.

ताई : मलाही नव्हतं. तुमच्यासारख्या एका डॉक्टरांनीच शिकवलं. वर्षभरात कळायला लागलं, पाच वर्षांत चांगलं कळलं, आणि तेवढ्यात मुदत संपली. आता जे येतील ते पुन्हा पहिल्यापासून शिकतील, पण त्यांना शिकवायला जुना सदस्य सभागृहात नसेल. हे नुकसान कुठल्या खात्यावर लिहायचं? आणि पैशाचंही बघा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात स्थानिक संस्थांच्या वाटेने आरोग्यासाठी देशभरात ७०,०५१ कोटी रुपये ठेवले. वाट स्थानिक संस्थांची, कारण आयोगाला वाटलं की दवाखान्याची गरज तिथे कळते. आयोगाच्या पंचायत अनुदानाला अट अशी की संस्था निवडून आलेली असावी. आणि आमची संस्था तेवढ्यातच रिकामी.

डॉक्टर : हे मात्र वाईट झालं. पैशाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूला.

ताई : फक्त पैशाच्या?

डॉक्टर : आणि लाल कार्डाच्या. बदल्यांच्या बाबतीत नाही. तिथे मी हलणार नाही. समिती परत येईल तेव्हा नर्सबाईच्या बदलीची शिफारस घेऊन सदस्य डीएचओंच्या दालनात शिरणार असेल, तर मला प्रशासक परवडला. तो निदान माझ्या माणसांना घाबरवत नाही. ताई, उपकेंद्रात एकटी राहणारी बाई असते. पावसात लाइट गेलेली, रस्ता बंद. तिला सदस्याच्या कार्यकर्त्याची भीती वाटत असेल तर ती रात्री दार उघडणार नाही. मग साकव असून काय उपयोग?

यावर ताई लगेच बोलल्या नाहीत. मलाही यावर पटकन सुचणारं उत्तर खोटं वाटतं. समितीने गावाच्या वतीने प्रश्न विचारावेत आणि कर्मचाऱ्याच्या अंगाला हात लावू नये, एवढी रेघ कायद्यात स्पष्ट ओढता येईल. बदल्यांचं काम समुपदेशनाने, उघड यादी लावून करण्याची पद्धत जिल्हा परिषदांत आलेली आहेच. ती शिफारशीपुढे किती टिकते, यावर डॉक्टरांसारख्यांचा विश्वास ठरणार आहे.

ताई : पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला मी एक पत्र देणार आहे. मसुदा तुम्ही बघा. तुमची भाषा अधिकाऱ्यांना कळते.

डॉक्टर : लिहा, मी सांगतो. 'आमच्या आरोग्याकडे लक्ष द्यावे' असं लिहू नका, त्याला 'लक्ष दिले आहे' एवढंच उत्तर येतं. पहिला मुद्दा: गावातल्या प्रत्येक पाणीस्रोताला गेल्या दोन पाहण्यांत कोणत्या रंगाचं कार्ड मिळालं, आणि लाल असल्यास ते बदलण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, हुद्द्यासकट. दुसरा: वरच्या रुग्णालयातून घरी पाठवलेल्या बाळंतिणींपैकी कितीजणींची चिठ्ठी पीएचसीला मिळाली.

ताई : तिसरा मी सांगते. पावसाळ्याच्या सुरुवातीला सर्पदंशाच्या प्रतिविषाच्या किती कुप्या कपाटात होत्या, हे दारावरच्या फळ्यावर लिहावं.

डॉक्टर : फळ्यावर तारीखही लिहावी. चौथा माझा. कर्मचाऱ्याच्या बदलीसाठी ज्या शिफारशी येतील, त्या शिफारस करणाऱ्याच्या नावासकट नोंदवहीत चढवाव्यात आणि ग्रामसभेपुढे वाचाव्यात.

ताई : त्यात आमच्या पक्षाचीही नावं येतील.

डॉक्टर : येऊ द्या.

ताईंनी चौथा मुद्दा लिहून घेतला आणि तो उचलून पहिला केला.